१८६५ चं वॉशिंग्टनचं विजय संचलन आठ फुटी टेबलावर कसं बसवायचं?

शाहूपुरी_सातारा

नमस्कार मंडळी. साताऱ्यात शाळेच्या इतिहास प्रदर्शनासाठी नववीची मुलं अमेरिकेच्या यादवी युद्धाचा शेवट दाखवणार आहेत. दक्षिणेच्या सेनापती लीच्या शरणागतीचा प्रसंग नेहमीचाच, म्हणून २३ आणि २४ मे १८६५ चं पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरचं संचलन घेतलं आहे. टेबल ८ फूट बाय ३ फूट. माणसाची उंची साधारण इंचभर धरायची म्हणजे १:७२ हे प्रमाण. खर्च चार हजारांच्या आत हवा, त्यामुळे प्लास्टिकचे तयार सैनिक नकोत.

प्रश्न असे: दोन दिवसांतला कोणता दिवस घ्यावा? सैनिक किती लागतील? २६ जानेवारीला दिसतात तसे १२ बाय १२ चे चौकोन केले तर चालेल का? मुलांनी काढलेल्या कच्च्या आराखड्यात एका टोकाला कॅपिटॉलचा (तिथल्या संसदेचा) घुमट, दुसऱ्या टोकाला व्हाइट हाउससमोरचा मंच आणि मागे वॉशिंग्टनचा उंच मनोरा आहे. त्यात काय चुकतंय तेही सांगा. शेवटी टेबल टेम्पोतून दुसरीकडे न्यायचं आहे.

जुना_उस्ताद

आधी चौकोनांबद्दल. १२ बाय १२ म्हणजे १४४ जणांचा ताफा ही आपल्या कर्तव्यपथाची पद्धत. तिथे ताफे निवडून आणलेले असतात. १८६५ साली निवडलेले ताफे नव्हते, अख्खं सैन्य चाललं होतं. पहिल्या दिवशी उत्तरेच्या जनरल मीडची आर्मी ऑफ द पोटोमॅक, सुमारे ८०,०००. दुसऱ्या दिवशी जनरल शर्मनची माणसं, सुमारे ६५,०००. म्हणून चौकोन विसरा, लांबी धरा.

हिशेब सोपा आहे. तेव्हाच्या केसीच्या कवायत पुस्तकात तेज चाल मिनिटाला ११० पावलं, पाऊल २८ इंचांचं. म्हणजे मिनिटाला सुमारे ७८ मीटर. (आपली तेज चल १२० पावलं, ३० इंच, म्हणजे ९१ मीटर. मुलांना एनसीसीची चाल माहीत असते, ती इथे लावू नका.) शर्मनचं सैन्य मंचासमोरून जायला साडेसहा तास लागले, हे त्यानेच लिहून ठेवलंय. ७८ गुणिले ३९० मिनिटं, म्हणजे तीस किलोमीटरचा ताफा. साताऱ्यात पोवई नाक्यावर शेपूट असेल तर तोंड वाईच्या थोडं अलीकडे. ६५,००० माणसं तीस किलोमीटरवर पसरली तर मीटरला दोनच्या आसपास येतात. तुमचं आठ फुटी टेबल १:७२ ने खऱ्या रस्त्याचे १७५ मीटर दाखवतं. म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे माणसं. यापेक्षा जास्त कोंबलीत तर जत्रा दिसेल.

आता मीटरला दोनच का? एका ओळीत १२ जण खांद्याला खांदा लावून चालत असताना हा आकडा फार कमी वाटतो. कारण ताफ्याचा मोठा भाग माणसांचा नसतोच, मोकळ्या जागेचा, घोड्यांचा आणि गाड्यांचा असतो. कंपनी आणि कंपनी यांच्यात पूर्ण अंतर ठेवतात, म्हणजे कंपनीची जेवढी रुंदी तेवढं, कंपनीला वळून एका रेषेत येता यावं म्हणून. पलटणींमध्ये त्याहून जास्त, ब्रिगेडमध्ये (काही पलटणींचा गट) आणखी जास्त.

ही अंतरं शोभेची नाहीत. मार्ग कॅपिटॉलकडून पश्चिमेला येतो आणि ट्रेझरीच्या (सरकारी तिजोरीच्या) इमारतीपाशी उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे वळतो. १२ जणांची ओळ काटकोनात वळली की आतला माणूस जवळजवळ जागेवर पाय आपटतो आणि बाहेरच्याला दहा मीटरचा वळसा पडतो, म्हणजे आठेक सेकंद. तेवढ्यात मागची कंपनी अंगावर येते. अंतर राखलेलं असेल तर तो धक्का त्यात जिरतो. नसेल तर आधी गर्दी होते, वळण संपलं की मागचे पळत सुटतात, आणि नेमके मंचासमोर धावताना दिसतात. वळणानंतर लगेच मंच असलेल्या कुठल्याही परेडची ही दुखती जागा.

वाद्यांचंही तसंच. ११० च्या चालीत एक पाऊल ०.५५ सेकंदाचं. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. ढोलापासून १८५ मीटर मागे असलेल्या जवानाला ठोका बरोबर एक पाऊल उशिरा ऐकू येतो, म्हणजे पुढचे डाव्यावर तर तो उजव्यावर. सव्वाशे मीटरच्या आतच ओळ विस्कटायला लागते. म्हणून प्रत्येक पलटणीला तिचे स्वतःचे ढोल हवेत, एकच बँड सगळ्यांना पुरत नाही. टेबलावर ढोलवाले ठेवाल तर पलटणीच्या तोंडाशी ठेवा, मध्ये नको.

आणखी एक. पश्चिमेला जाताना व्हाइट हाउस डाव्या हाताला येतं. मंच त्याच्यासमोर, म्हणजे सलामी डावीकडे. मुलं सवयीने सगळ्यांना ‘दाहिने देख’ करून ठेवतील. अधिकाऱ्यांच्या तलवारी आणि पलटणींची निशाणं झुकलेली दाखवा, जवानांच्या माना सरळ राहू द्या.

कृष्णाकाठ (सांगली)

उस्तादांचा हिशेब डोळ्यासमोर ठेवूनच मांडणी करू. माझं मत: दुसरा दिवस घ्या, आणि त्यातही दोन डिव्हिजनमधला (डिव्हिजन म्हणजे काही ब्रिगेड मिळून) सांधा घ्या. पहिल्या दिवशी घोडदळ पुढे होतं, आणि १:७२ चे शेकडो घोडे हाताने करणं म्हणजे दिवाळीपर्यंत काम. शर्मनच्या दिवशी प्रत्येक डिव्हिजनच्या पुढे कुदळ-फावडी घेतलेले कृष्णवर्णीय पायोनिअर (वाट तयार करणारे कामकरी) दोन रांगांत होते आणि मागे सामानाच्या तांड्याचा नमुना म्हणून सहा ॲम्ब्युलन्स. काही डिव्हिजन कमांडरांनी त्याच्या जोडीला शेळ्या, दुभत्या गाई, कोंबड्या आणि हॅम लादलेली खेचरंही आणली होती. सगळी गंमत त्या सांध्यात आहे. नुसत्या पायदळाचे १७५ मीटर केलेत तर एकच ओळ अठ्ठावीस वेळा केल्यासारखं होईल.

टेबल २४४ सेंमी. पश्चिमेच्या टोकाकडून मोजत या. पहिले ४६ सेंमी: पुढच्या डिव्हिजनच्या शेवटच्या पलटणीच्या पाच कंपन्या. मग १० सेंमी मोकळे. मग ४४ सेंमीत सहा ॲम्ब्युलन्स, दोन-दोनच्या तीन ओळी (दोन घोडे जोडलेली गाडी साधारण १० सेंमी होते, मध्ये ४ सोडा). मग २० सेंमीत खेचरं आणि शेळ्या, मुद्दाम वाकड्यातिकड्या. इथे १२० झाले. पुढे १५ सेंमी काहीच नाही. त्यानंतर डिव्हिजनचा कमांडर आणि त्याचे पाच-सहा घोडेस्वार १२ सेंमीत, पायोनिअरच्या दोन ओळी ८ सेंमीत, ५ मोकळे, ढोल-बासरीवाले ९, आणि शेवटी आठ कंपन्या ७५ सेंमीत.

टेबल १२० वर रिकामं का ठेवलं ते टेम्पोत कळेल. छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास असतो, आठ फुटी प्लाय त्यात फळका उघडा ठेवूनच जातो आणि टोकाला हादरे बसून सैनिक पडतात. प्लाय चार-चार फुटांच्या दोन तुकड्यांत करा. जोड १२२ सेंमीवर येतो, म्हणजे बरोबर त्या मोकळ्या जागेत. जोडावर एकही माणूस नको. तुकडे खालून दोन बोल्ट आणि फुलपाखरू नटाने आवळा. नुसत्या खिळपट्टीने जोडलं तर रस्त्याला पायरी पडते.

सैनिक कागदाचे करा. १६० ते १७० जीएसएमचा कार्डपेपर लेझर प्रिंटरमधून निघतो. इंकजेटची शाई फेव्हिकॉलच्या ओलीने पसरते आणि निळ्या कोटांचा राडा होतो. एका पट्टीवर बारा माणसं. माणसामागे २२ इंच रुंदी धरली तर पट्टी ९.३ सेंमी लांब येते, उंची २४ मिमी. पुढची बाजू आणि पाठ डोक्याच्या रेषेवर एकमेकांना उलटी छापून घडी घाला, म्हणजे कागद दुप्पट जाड होऊन उभा राहतो. घडीची रेघ आधी सुकलेल्या बॉलपेनाने दाबून घ्या, नाहीतर घडीवर शाईचा पापुद्रा निघतो. खाली दोन्हीकडे सेंटिमीटरभर घडीची पट्टी सोडली तर ए-फोरवर सहा पट्ट्या बसतात. तेरा कंपन्यांच्या २६ आणि पायोनिअरच्या २, एकूण २८ पट्ट्या, ३३६ माणसं. पाच कागद. ढोलवाल्यांसह सात काढा, दोन खराब होणारच.

बैठकीला आइस्क्रीमच्या काड्या. काडी १० मिमी रुंद असते, आणि त्या काळी पुढच्या माणसाच्या पाठीपासून मागच्याच्या छातीपर्यंत १३ इंच सोडत, म्हणजे छाती ते छाती अंदाजे ३२ इंच, आपल्या प्रमाणात ११ मिमी. दोन काड्या शेजारी शेजारी चिकटवल्या की दोन रांगांचं अंतर आपोआप जमतं. काडीची गोल टोकं कापून ९.५ सेंमी करा. फेव्हिकॉल पाणी न घालता, पातळ थर, आणि वर वही ठेवून रात्रभर दाब. साताऱ्याच्या पावसाळी हवेत एका बाजूने ओला झालेला कार्ड सकाळपर्यंत धनुष्य होतो, म्हणून घडीच्या आत गोंद लावल्या लावल्या पट्टी दोन लाकडी फुटपट्ट्यांत चिमट्याने धरा.

बंदुका छापू नका, चिकटवा. स्प्रिंगफील्ड साधारण पाच फुटी, वर १८ इंची संगीन. प्रमाणात सगळं मिळून २७ मिमी. नायलॉन ब्रशचे केस कापा, वरचे ६ मिमी चंदेरी करा आणि उजव्या खांद्यावर मागे झुकलेले लावा. सगळ्यांचा कोन सारखा हवा, त्यासाठी पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापून मापाला ठेवा. रांगेची शिस्त पायांत दिसत नाही, बंदुकांच्या कोनात दिसते. ट्रेझरीच्या कोपऱ्यावरून शर्मनने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याच्याही नजरेत तेच भरलं होतं.

थर्माकोल आणू नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसाही स्प्रे रंग मारला की तो विरघळून खड्डे पडतात. इमारतींचे दर्शनी भाग जाड पुठ्ठ्याचे करा.

शाहूपुरी_सातारा

उस्ताद, कृष्णाकाठ, मनापासून आभार. सांध्याची कल्पना मुलांना एकदम पटली. आता माहितीफलक आणि रंग राहिले. मुलांनी फलकावर “युद्ध संपल्यावर उत्तरेच्या संपूर्ण सैन्याने केलेलं संचलन” असं लिहिलंय. बरोबर आहे का? आणि आराखड्यातला घुमट आणि मनोरा?

अजिंक्यतारा_वाचक

ताई, फलकातले तीन शब्द अडचणीचे आहेत.

“संपूर्ण” काढा. घोडदळाचा प्रमुख शेरिडन याला टेक्सासच्या बाजूला पाठवलं होतं, तो नव्हता, घोडदळ जनरल मेरिटच्या हाताखाली गेलं. सहावी कोर (कोर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेलं दल) व्हर्जिनियात कामावर होती, तिचं वेगळं संचलन वॉशिंग्टनमध्ये ८ जूनला झालं. आणि सर्वांत मोठी अनुपस्थिती कृष्णवर्णीय पलटणींची. युद्धअखेरपर्यंत सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या लष्करात भरती झाले होते, त्यांची एकही पलटण त्या दोन दिवसांत रस्त्यावर नव्हती. पंचविसाव्या कोरची रवानगी टेक्साससाठी झाली. म्हणून तुमच्या टेबलावरच्या पायोनिअरना लढाऊ सैनिक म्हणून दाखवू नका. हाती कुदळी-फावडी, बंदूक नाही. प्रेक्षक त्यांना पाहून “बघा, तेही होते की” म्हणतील, म्हणून फलकावर हा फरक एका वाक्यात लिहाच. जोडीला हेही लिहिता येईल की १४ नोव्हेंबर १८६५ ला पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गमध्ये कृष्णवर्णीय सैनिकांसाठी वेगळं संचलन झालं.

“युद्ध संपल्यावर” हेही थोडं सैल आहे. ली ९ एप्रिलला शरण आला, दक्षिणेचाच दुसरा सेनापती जॉन्स्टन २६ एप्रिलला, दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस १० मे रोजी पकडला गेला. पण मिसिसिपी नदीपलीकडच्या, दक्षिणेच्याच कर्बी स्मिथच्या सैन्याचा करार संचलनानंतर, २६ मे रोजी ठरला. “मुख्य सैन्यं शरण आल्यावर” असं लिहा. आणि हे नुसतं मिरवणं नव्हतं. मे १८६५ मध्ये उत्तरेकडे दहा लाखांच्या वर माणसं पगारावर होती, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्यातली आठ लाख घरी गेली. माणसं पांगण्याआधी सरकारने घेतलेली ही शेवटची हजेरी.

आराखडा: मंच आणि कॅपिटॉल एका चौकटीत येत नाहीत. व्हाइट हाउससमोरून पूर्वेला पाहिलं की ट्रेझरीची इमारत आड येते, उस्ताद सांगतात ती दोन वळणं तिच्याचमुळे. मंच ठेवणार असाल तर घुमट काढा. घुमट हवाच असेल तर मंच काढून ॲव्हेन्यूचा सरळ भाग करा. मी मंच ठेवेन. मनोऱ्याचं तर अजून वेगळंच. वॉशिंग्टन स्मारकाचं काम पैशाअभावी रखडलं होतं आणि १८६५ साली तिथे सुमारे १५० फुटांचा बोडका बुंधा होता. आज दिसतो तो टोकदार मनोरा १८८४ मध्ये पुरा झाला.

मंचावर अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन, उत्तरेचा सरसेनापती ग्रँट, युद्धमंत्री स्टँटन आणि मंत्रिमंडळ. लष्कराचा किंवा कोरचा प्रमुख आपल्या माणसांच्या पुढे घोड्यावरून जातो, सलामी देतो, उतरून मंचावर येतो आणि आपला भाग जाईपर्यंत तिथे थांबतो. शर्मनने वर आल्यावर बाकीच्यांशी हात मिळवले, स्टँटनशी नाही. जॉन्स्टनला दिलेल्या अटींवरून स्टँटनने वृत्तपत्रांतून त्याची जाहीर शोभा केली होती. हे दाखवायचं तर दोन आकृत्यांमध्ये बोटभर जागा सोडा आणि फलकावर लिहा. एवढ्या छोट्या प्रमाणात चेहऱ्यावर राग रंगवता येत नाही.

मिरजकर

दुसराच दिवस का? पहिल्या दिवशी घोडदळातल्या जनरल कस्टरचा घोडा उधळला, टोपी उडाली, तो मंचासमोरून सुसाट गेला. लोक तिथेच थांबतील.

जुना_उस्ताद

थांबतील, पण अर्धा मिनिट. आणि उधळलेल्या घोड्याभोवतीची ओळ मोडलेली असावी लागते, ते कागदी पट्टीवर जमत नाही. फुलांचा हार अंगावर आला की न सरावलेला घोडा बुजतोच. आजही मिरवणुकीत घोड्यांच्या बाजूने फुलं उधळू देत नाहीत ते याचसाठी. टेबलावर गर्दीच्या हातात फुलं दाखवाल तर स्वारांपासून लांब.

कृष्णाकाठ (सांगली)

रस्त्याचं सांगायचं राहिलं. ॲव्हेन्यूची एकूण रुंदी १६० फूट, म्हणजे ६८ सेंमी. नऊ सेंमीची पट्टी त्यात हरवल्यासारखी वाटेल आणि मुलं ती फुगवायला बघतील. फुगवू नका. प्रेक्षकांची गर्दी दोन्हीकडून आत घ्या, त्याने रस्ता आपोआप आवळतो. गर्दीला सुटी माणसं करत बसू नका, मागच्या रांगांना रंगीत पुठ्ठ्याच्या दातेरी पट्ट्या पुरतात, पुढच्या दोन रांगा नीट करा. डांबरी काळा रंग चुकूनही देऊ नका. चाळलेली माती फेव्हिकॉल-पाण्यावर भुरभुरवा, सुकल्यावर मऊ ब्रशने झाडा. पूर्वेच्या सरळ रस्त्यावर १८६२ पासून घोड्यांची ट्राम होती. मंचाऐवजी तो भाग निवडलात तर रूळ दाखवा.

रंग: गर्द निळा कोट, आकाशी विजार. दोन्हींत थोडा राखाडी मिसळा, कोऱ्या कापडासारखे दिसले तर खेळण्यातले वाटतात. शर्मनच्या माणसांच्या डोक्यावर रुंद काठाच्या मऊ हॅट जास्त द्या, छोट्या केपी टोप्या मोजक्या. ॲम्ब्युलन्सचं कापड मळकट पांढरं.

अजिंक्यतारा_वाचक

दुसऱ्या दिवसाचा क्रम पंधरावी, सतरावी, विसावी, चौदावी कोर असा होता. एक निवडा आणि निशाणावर तिचंच चिन्ह काढा: पंधराव्याचं काडतुसांची पेटी आणि त्यावर चाळीस गोळ्यांचा उल्लेख, सतराव्याचं बाण, विसाव्याचं पाच टोकांचा तारा, चौदाव्याचं ओकचं फळ. डिव्हिजन चिन्हाच्या रंगावरून ओळखतात, पहिली लाल, दुसरी पांढरी, तिसरी निळी. तुमच्या टेबलावर सांधा आहे, म्हणजे जोडाच्या अलीकडे एक रंग आणि पलीकडे दुसरा यायला हवा. विसावी घ्या, या मापात तारा काढायला सर्वांत सोपा.

राष्ट्रध्वजावर तारे ३५. नेव्हाडा ऑक्टोबर १८६४ मध्ये राज्य झालं, पण त्याचा छत्तिसावा तारा ४ जुलै १८६५ पासून लागू झाला. नेटवरून उतरवलेल्या चित्रात ५० असतात, तेवढं पाहून घ्या.

लिंकनच्या हत्येनंतर व्हाइट हाउसवरचा ध्वज अर्ध्यावर होता, तो संचलनाच्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण उंचीवर गेला. म्हणून इमारतीवरचा ध्वज वर. पलटणींच्या निशाणांना मात्र सहा महिने काळं फडकं बांधण्याचा हुकूम एप्रिलमध्येच निघाला होता, आणि अधिकाऱ्यांच्या डाव्या दंडावर व तलवारीवरही. ध्वजाच्या काठीच्या टोकाखाली काळ्या शिलाईच्या दोऱ्याची गाठ मारा, टोकं ५ मिमी लोंबती ठेवा. दंडावरची पट्टी फक्त घोडेस्वारांना आणि मंचावरच्या लष्करी आकृत्यांना, पेनाने एक रेघ पुरेल.